काठी न उचलण्याचं शास्त्र

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जुन्नर-आंबेगावच्या गावांत पहाट लवकर होते. येडगावसारख्या धरणाकाठच्या गावात डांबरी रस्त्यावर, कालव्याच्या कडेनं, शाळेच्या मैदानावर पोरं-पोरी धावू लागतात. एखादा मित्र मोबाइलवर सेकंद मोजत उभा असतो. हा बिबट्यांचा पट्टा, त्यामुळे अंधारात एकट्यानं धावायचं नाही, एवढा एकच नियम. सगळ्यांना ‘ग्राउंड’ काढायचं असतं. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक; मुलींना सोळाशेऐवजी 800. मिळून 50 गुण. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारले तर 20 पैकी 20. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. उंची मुलांना किमान 165 सेंटिमीटर, मुलींना 155. मुलांची छाती 79, फुगवून आणखी 5. ग्राउंड निघालं की 100 गुणांची लेखी: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. मग मेरिट, मग गावात फ्लेक्स.

या यादीचं मला नवल वाटतं. उमेदवाराला समास सोडवता येतो का, हे तपासलं जातं. समोरचा आईबहिणीवरून शिव्या देत असताना हात खाली ठेवता येतो का, हे तपासलं जात नाही. आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं या मुलाला रोज लागणार आहे ती दुसरी गोष्ट. पाच-दहाच्या आत सोळाशे मीटर धावण्याची वेळ नोकरीत किती वेळा येते, ते कुठल्याही हवालदाराला विचारून बघा.

1919 साली जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यानं एका व्याख्यानात राज्यसंस्थेची ओळख सांगितली: आपल्या हद्दीत बळ वापरण्याचा वैध मक्ता जिच्याकडे, ती राज्यसंस्था. ऐकायला हे फार भारदस्त वाटतं. पण हा मक्ता प्रत्यक्षात राहतो कुठे? मंत्रालयात नव्हे. तो राहतो आळेफाट्याच्या चौकात उभ्या असलेल्या बारावी पास, तेवीस वर्षांच्या शिपायाच्या मनगटात. बहुतेक खात्यांत साहेब ठरवतो आणि खालचा करतो. इथे सगळ्यात गंभीर निर्णय सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस, दोन-तीन सेकंदांत, कुणाला न विचारता घेतो. साहेबाच्या वाट्याला नंतरचा अहवाल येतो.

त्याहून मोठं नवल म्हणजे बहुतेक ठिकाणी बळ लागतच नाही. येडगावात पोलीस ठाणं नाही. ठाणं नारायणगावला. गावात पोलिसी कामासाठी शासनाचा माणूस एकच, पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी 1960 च्या दशकात संपली आणि 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानं आजचा पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात, आणि त्याला पगार नाही, मानधन आहे. 2024 मध्ये ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. त्याच्या कमरेला पिस्तूल नाही, पाठीशी पथक नाही. बांधाचं भांडण कुठल्या घरात तापतंय, कोण नवीन माणूस मळ्यात राहायला आलाय, कुणाच्या मोटारी सारख्या चोरीला जातात, हे त्याला माहीत असतं. त्याचं हत्यार एवढंच. देशात पोलिसांची मंजूर पदं लाख लोकांमागे दोनशेच्या आतबाहेर, आणि प्रत्यक्ष भरलेली दीडशेच्या आसपास. म्हणजे साडेसहाशे माणसांमागे एक पोलीस, त्यातही रजेवरचे, कोर्टात गेलेले, बंदोबस्ताला पाठवलेले वजा. एवढ्या बळावर कुणाला दाबून ठेवता येत नाही. लोक मानतात म्हणून व्यवस्था चालते.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. मराठेशाहीत गावात चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी गावच्या रामोशाची, जागल्याची. पावलांचे ठसे, बैलाचा खूर, मोडलेलं कुंपण, ओल्या रानातली वाट, हे वाचत वाचत तो शिवेपर्यंत जायचा. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावाची. माग लागलाच नाही, तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करायची. या व्यवस्थेला उगाच सोन्याचा मुलामा द्यायला नको. शिक्षा क्रूर होत्या आणि जातीचं जोखड घट्ट होतं. पण एक गोष्ट तिच्यात होती: राखणदाराची किंमत त्याच्या मारण्यावर नव्हे, शोधण्यावर ठरत असे. इंग्रज आल्यावर याच रामोशांचे हक्क गेले, उमाजी नाईक उठला, आणि 1832 साली त्याला पुण्यात फाशी झाली. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे लोक सरकारी कागदांत गुन्हेगार म्हणून नोंदले गेले. पुढे 1861 मध्ये नवा पोलीस कायदा आला. त्याच्या मागे आयर्लंडमधल्या पोलीस दलाचा नमुना होता. ते दल लोकांवर वचक ठेवण्यासाठी उभारलेलं होतं, आणि आपल्या खाकीचा वाडवडील तोच.

गंमत अशी, की ज्या इंग्रजांनी हे दल उभं केलं त्यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. 1855 मध्ये मद्रास प्रांतात छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर इतक्या तक्रारी आल्या, की पुढे कायद्यातच तरतूद करावी लागली: पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम 23 झालं. दीडशे वर्षांत राज्य बदललं, झेंडा बदलला, कायद्याचं नाव बदललं. ही शंका मात्र तशीच पुढे आली. शासन आपल्याच माणसाला बंदूक देतं, अटकेचा अधिकार देतं, आणि त्याच वेळी न्यायालयाला सांगतं, की याच्यासमोर कुणी काही कबूल केलं तर ते धरू नका.

पुरावा कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानं पुढे एक आठवण नोंदवली आहे. भारतातल्या एका मुलकी अधिकाऱ्यानं त्याला पोलिसी छळाचं कारण समजावून सांगितलं होतं, आणि ते कारण क्रौर्य नव्हतं, आळस होता. उन्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोयीचं, असा त्याचा मथितार्थ. मला हे निदान आजवरच्या सगळ्या अहवालांपेक्षा नेमकं वाटतं. माग काढता येत नसेल तर माणसाला बोलतं करावं लागतं. जिथे हुन्नर कमी पडतो तिथे हात उठतो.

आजचे पोलीस याकडे कसं बघतात? ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ या संस्थांनी 2019 मध्ये एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना विचारलं होतं. कबुलीसाठी गुन्हेगाराला मारण्यात काही चूक नाही, असं पाचपैकी चौघांना वाटत होतं. म्हणजे कायदा ज्या गोष्टीची किंमत शून्य धरतो, तिच्यासाठी मारणं योग्य आहे असं कायदा राबवणाऱ्यांचं मत. यात एक वाटही आहे, ती सांगितली पाहिजे. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, चोरीचा माल किंवा लपवलेला कोयता, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. आपल्याकडे निवेदन पंचनामा म्हणतात तो याचसाठी. या फटीतून किती मार आत शिरतो, हे फौजदारी वकिलांना विचारावं.

नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत काय झालं ते महाराष्ट्राला आठवत असेल. दोन हजार रुपयांच्या आसपासची लूट, त्यात पकडलेला एक तरुण, आणि कोठडीत मारहाणीत त्याचा मृत्यू. मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला आणि आरोपी पळून गेल्याचं सांगण्यात आलं. शेवटी एका उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली. त्या रकमेचा माग काढायला किती अक्कल लागली असती?

याच्या अगदी उलट टोकाची रात्र म्हणजे 26 नोव्हेंबर 2008, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची. गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे तिथे होते. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. हल्लेखोर कसाबच्या एके-47 ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, आणि तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला पकडलं. 2009 मध्ये ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी कोळ्याच्या एका नव्या जातीला त्यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. हे सगळं आपण शौर्य म्हणून सांगतो, आणि ते आहेच. पण पोलिसी कसोटीवर त्याचं मोल वेगळंच आहे. त्या रात्री साथीदार मेलेले बघितलेल्या पोलिसांनी कसाबला तिथेच संपवलं असतं तर देशात कुणी विचारलं नसतं. तो जिवंत ठाण्यात आला, आणि म्हणून कट कुठे शिजला हे जगासमोर मांडता आलं. त्याचा कबुलीजबाबही पोलिसानं नव्हे, दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला, कारण ते जुनं कलम या खटल्यालाही लागू होतं. मे 2010 मध्ये शिक्षा सुनावली गेली, 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात ती अमलात आली. जिवंत आरोपी हा पोलिसांच्या हातातला सगळ्यात भारी पुरावा असतो.

मग गोळी कधी चालवायची? कायदा इथे वाटतो त्यापेक्षा काटेकोर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 सांगतं, की अटकेला विरोध झाला तर पोलीस आवश्यक ते सगळे मार्ग वापरू शकतो. पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही, त्याचा जीव अटकेसाठी घेता येत नाही. पळणारा पाकीटमार कितीही जोरात पळाला तरी. याखेरीज पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तोही तुम्हाआम्हाला आहे तेवढाच. खाकी घातल्यानं त्यात भर पडत नाही.

‘पायावर गोळी मारायची ना!’ हे वाक्य प्रत्येक घटनेनंतर पारावर ऐकू येतं. सिनेमानं ते आपल्या डोक्यात बसवलंय. प्रत्यक्षात धडधडत्या छातीनं, हलत्या माणसाच्या हलत्या पायावर पिस्तुलाची गोळी बसवणं किती अवघड, याची मोजदाद झालेली आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या 1998 ते 2006 या काळातल्या गोळीबारांचा ‘रँड’ या संस्थेनं अभ्यास केला. समोरून गोळ्या येत असताना नेम लागण्याचं प्रमाण शंभरात अठरा. समोरून गोळी येत नसतानाही तीस. म्हणजे पगारी, सराव असलेल्या, जगातल्या एका श्रीमंत पोलीस दलाच्याही बहुतेक गोळ्या दुसरीकडेच कुठेतरी जातात. त्या बाजारात, खिडकीत, मागे उभ्या असलेल्या माणसात जातात. हे एकदा कळलं की बंदूक हे पोलिसाचं सगळ्यात बेभरवशाचं साधन वाटू लागतं.

चकमकींबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्याभोवती आधीच फार सिनेमे जमलेत. नोव्हेंबर 2006 मध्ये वर्सोव्यात लखनभैया नावाचा एक जण पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्याचा भाऊ वकील. चकमक झाल्याचं पोलिसांनी सांगितलं त्याच्या काही तास आधीच त्यानं तारा आणि फॅक्स पाठवले होते, की माझ्या भावाला उचलून नेलंय आणि त्याला मारतील अशी भीती आहे. तारघराचा तो वेळेचा शिक्का न्यायालयात जिवंत राहिला. 2013 मध्ये पोलिसांसह अनेकांना जन्मठेप झाली आणि मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आधी सुटलेल्या एका नामवंत चकमकफेम अधिकाऱ्यालाही दोषी धरलं. दरम्यान सप्टेंबर 2014 मध्ये, महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं चकमकीसाठी नियम घालून दिले होते: गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, आणि लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. शेवटचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. बक्षीस कशाचं मिळतं त्यावर खातं काय शिकतं ते ठरतं.

एकट्या माणसाचं हे झालं. जमाव ही वेगळी विद्या आहे. पाच माणसं बेकायदा उद्देशानं एकत्र आली की कायद्याच्या लेखी तो बेकायदा जमाव. त्याला पांगण्याचा हुकूम द्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांचाही. नाहीतर ठाणे प्रभारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या खालचा कुणी नाही. आधी हुकूम, मग बळ. कागदावर हे स्वच्छ आहे. रस्त्यावर मात्र मागून ढकलत येणाऱ्या लोकांना पुढचा हुकूम ऐकूच येत नाही.

9 ऑगस्ट 2011. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्ग अडवला गेला. दगड आले, लाठ्या आल्या, मग गोळ्या. तीन शेतकरी गेले, त्यात एक महिला. येडगाव ज्या पुणे ग्रामीण पोलीस दलाच्या हद्दीत येतं, तेच दल. आणि प्रश्नही ओळखीचा, धरण आमच्या उशाशी आणि पाणी कुणाला? कुकडी प्रकल्पाचं पाणी जुन्नरहून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं आणि प्रत्येक आवर्तनाला वरचे आणि खालचे यांच्यात धुसफूस असतेच, त्यामुळे मावळची ती दुपार जुन्नरकराला परकी वाटत नाही. बळ वापरून काय साधलं? रस्ता त्या दिवशी मोकळा झाला. जलवाहिनीचं काम पुढे तपभर बंद पडलं.

दुसरी दुपार 1 सप्टेंबर 2023 ची, जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीची. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण चालू होतं. पोलीस त्यांना रुग्णालयात न्यायला आले, झटापट झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला, दगडही आले. गावकरी जखमी झाले, पोलीसही झाले. तीन दिवसांनी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. तोवर जालन्याबाहेर फारसं माहीत नसलेलं एक उपोषण राज्यभर पेटलं होतं. दोष कुणाचा किती, यावर आजही वाद आहे. मला रस आहे तो एका प्रश्नात: लाठी जमाव पांगवायला असते, मग तिनं जमाव शंभरपट कसा केला?

याचं उत्तर शोधणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, स्टीफन रायशर आणि क्लिफर्ड स्टॉट. जमाव म्हणजे अक्कल गमावलेली झुंड, ही जुनी समजूत त्यांनी मोडीत काढली. जमाव एक नसतोच. नारायणगावच्या तमाशाच्या गर्दीत बघा: पुढे बसलेले म्हातारे, शिट्ट्या मारणारी पोरं, बाकड्यावर उभा राहिलेला एखादा टल्ली, बाहेर भज्यांच्या गाडीजवळ रेंगाळणारे. प्रत्येकाचा हेतू वेगळा. मोर्चाही तसाच असतो. नव्वद जण घोषणा देऊन घरी जाणारे, आठ जण तापलेले, दोघांच्या हातात दगड. पोलिसांनी त्या दोघांनाच उचललं तर उरलेले मनातून सुटकेचा श्वास सोडतात, कधी कधी स्वतःच त्या दोघांना आवरतात. पण काठी सरसकट फिरली, की शांत उभा असलेला म्हाताराही मार खातो, आणि त्या क्षणी शंभर वेगवेगळी माणसं एक होतात. त्यांना एक करणारी वस्तू ती काठीच.

हे सिद्ध करायची संधी 2004 मध्ये पोर्तुगालला मिळाली. युरो फुटबॉल स्पर्धा, आणि दंगलीसाठी कुप्रसिद्ध इंग्लिश प्रेक्षक. सामन्यांच्या शहरांतल्या पोलिसांनी स्टॉट यांचा सल्ला मानला: साधा गणवेश, जोडीजोडीनं फिरणं, लोकांशी गप्पा, आणि दंगलविरोधी पथक तयार पण नजरेआड. तिथे मोठी दंगल झाली नाही. अल्बुफेरा या पर्यटनस्थळी दुसऱ्या पोलीस दलाची हद्द होती आणि जुनीच पद्धत. दंगली झाल्या त्या तिथेच. देश तोच, प्रेक्षक तसेच.

आपल्या भागातल्या गर्दीला अलीकडे आणखी एक कारण मिळालंय. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्यानं लागोपाठ माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. वन खात्याची गाडी पेटवली गेली, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास अडला. रस्त्यावर बसलेले लोक गुन्हेगार नव्हते, पोटची पोरं गमावलेल्या गावचे होते. आणि समोर बंदोबस्ताला उभे असलेले पोलीस? तेही कुठल्या तरी मळ्यातून आलेले, घरी रात्री दार लावून बसणारे. अशा वेळी माइकवर काय बोलायचं, पुढाऱ्याला कधी पुढे करायचं, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट कशी मिळवायची, कुठली घोषणा कानाआड करायची, हे ज्याला कळतं तो अधिकारी. गोळाफेकीत साडेआठ मीटर गाठल्यानं ते येत नाही. कुणा जुन्या फौजदाराच्या शेजारी उभं राहून ते शिकावं लागतं. नॉर्वेत पोलीस व्हायला तीन वर्षांची पदवी लागते आणि पोलीस परंपरेनं पिस्तूल अंगावर बाळगत नसे. आपला शिपाई काही महिन्यांच्या प्रशिक्षणावर बाहेर पडतो आणि त्यातला मोठा वाटा कवायतीचा असतो.

आता सगळ्यात साधी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: झोप. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी 1997 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात एक छोटा प्रयोग मांडला. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या कामात तितकाच चुकतो, जितका रक्तात 0.05 टक्के मद्य असलेला माणूस. चोवीस तास जागरण म्हणजे 0.10 टक्के. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे 0.03. आणि मघाच्या त्याच 2019 च्या पाहणीत पोलिसाचा सरासरी कामाचा दिवस भरला चौदा तासांचा. त्यात घरून येणं-जाणं, आंघोळ-जेवण मिळवा. गणेश विसर्जनाला, निवडणुकीला, यात्रेला तर विचारूच नका. म्हणजे ज्या शिपायानं दारू प्यायलेल्या दुचाकीवाल्याला अडवलंय, कधी कधी त्याचाच मेंदू त्या दुचाकीवाल्यापेक्षा मंद चालत असतो. त्याच्या हातात गाडी नसते, लाठी असते. राग आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि जागरणात सगळ्यात आधी ढेपाळणाऱ्या भागांपैकी तो एक.

म्हणून मला देवनार ठाण्यातल्या रवींद्र पाटील या शिपायाची गोष्ट महाराष्ट्राच्या पोलीस इतिहासातली एक मोठी गोष्ट वाटते, आणि ती फार कुणाला माहीत नाही. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या बसतात, हे त्यानं तक्ता मांडून दाखवलं आणि थेट पोलीस आयुक्तांपुढे ठेवलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मानला. मे 2016 मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला, आणि 2017 च्या सुरुवातीला तो मुंबईभर गेला. शिपायानं सुचवावं आणि आयुक्तानं ऐकावं, हे या खात्यात आठ तासांच्या पाळीइतकंच दुर्मीळ. पुढे महिला पोलिसांची बारा तासांची ड्युटी आठवर आणण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पहिल्या काही घटकांत आपलं पुणे ग्रामीणही होतं. बळाचा गैरवापर कमी करण्याचे उपाय शोधणाऱ्यांनी समित्यांच्या आधी ठाण्याचा ड्युटीतक्ता मागवावा.

आणि बघणारा डोळाही लागतो. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या त्या निकालात जागांची यादीच आहे: मुख्य दरवाजा, येण्याजाण्याच्या सगळ्या वाटा, प्रत्येक कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, उपनिरीक्षकाची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, इमारतीची मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या आत नव्हे पण बाहेर. कॅमेऱ्याला अंधारात दिसलं पाहिजे आणि आवाजही टिपता आला पाहिजे. साठवण अठरा महिन्यांची. ही यादी करणाऱ्याला ठाण्यात काय कुठे घडतं याची पुरेपूर कल्पना असावी, असं ती वाचताना वाटतं. निकालात आणखी एक आदेश आहे: ठाण्याच्या दारात आणि आत स्थानिक भाषेत मोठा फलक हवा, की इथे कॅमेरे आहेत आणि मारहाण झाली तर मानवी हक्क आयोगाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते, चित्रीकरण जपून ठेवायला सांगता येतं. नारायणगाव असो, जुन्नर, ओतूर, मंचर की घोडेगाव, हरवलेल्या मोबाइलची तक्रार द्यायला किंवा पासपोर्टच्या चौकशीला जाल तेव्हा तो फलक मराठीत लावलाय का, तेवढं बघा. नसेल तर ठाणे अंमलदाराला विचारा.